‘गेले’चं इंग्रजी

फाइलमधलं वाक्य असं आहे : ‘मुलीचे वडील आता कुटुंबासोबत नाहीत.’ वाक्य इंग्रजीत आहे, व्याकरण बिनचूक आहे, आणि ते माझं आहे. लीड्समधल्या एका प्राथमिक शाळेच्या ऑफिसात, एप्रिलअखेरच्या एका मंगळवारी, मी ते उच्चारलं. समोरच्या बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या वाक्यापायी दहा वर्षांच्या एका मुलीचे नऊ महिने वाया गेले.

मुंबईत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी सोळा वर्षं काढली. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात, मृत्यूला मृत्यू म्हणायचं. बातमीत माणूस काळाच्या पडद्याआड जात नाही, अनंतात विलीन होत नाही. तो मरण पावतो. कधी, कुठे, कशाने, हे पहिल्या परिच्छेदात येतं. आमचे वृत्तसंपादक ‘देवाघरी’ असं लिहिलेली कॉपी हातात धरून अख्ख्या डेस्कला विचारायचे, “पत्ता काय या घराचा? बातमीदार पाठवू या.” सगळे हसायचे, मीही हसायचे. पुढे नवऱ्याला लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, आम्ही इथे आलो, आणि मी भाषांतराची कामं घेऊ लागले. आरोग्याची पत्रकं, डिस्चार्जच्या सूचना, कौन्सिलची पत्रं. शब्द तोलून मापून देण्याचंच काम.

तेव्हा पहिला परिच्छेद नियमाप्रमाणे. त्या मुलीचे वडील हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात रेडिओग्राफर होते. फेब्रुवारीत, सकाळची शिफ्ट चालू असताना, हृदयविकाराच्या झटक्याने ते मरण पावले. वय एकेचाळीस. मागे पत्नी आणि एक मुलगी. पत्नी एका केअर होममध्ये काम करते, मुलगी लीड्समध्येच जन्मलेली. घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. ओळख बुद्धविहारातली.

आमचं विहार म्हणजे पूर्वीचा कामगारांचा क्लब. समाजातल्या लोकांनी वर्गणी काढून ती इमारत घेतली. खाली हॉल, वर एक खोली. त्या हॉलमध्ये जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली. अकरा जण बोलले. मृताच्या कष्टाबद्दल, जिद्दीबद्दल, समाजकार्याबद्दल. मुलगी पहिल्या रांगेत अंगावरचा कोट न काढता बसून होती. माईकवरून तिच्याबद्दल दोनदा उल्लेख झाला, दोन्ही वेळा ‘शूर आहे पोर’ असा. तिच्याशी कोणी बोललं नाही. मीही नाही. मी वरण वाढत होते.

शाळेला माहीत नव्हतं का, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. नव्हतं. आईने गैरहजेरी कळवायच्या फोनवर निरोप ठेवला होता : वडील गेले, आम्ही इंडियाला जातोय. अस्थी न्यायच्या होत्या. शाळेच्या नोंदीत त्याचं ‘कौटुंबिक कारणाने भारताचा प्रवास’ झालं. वर्गशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर, बदली शिक्षक नवे. मुलीला सकाळी शाळेत सोडायला शेजारीण जायची, कारण आईची शिफ्ट सातला सुरू होते. मुलीने कोणाला काही सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल, पण मराठीत.

कारण ती मराठीतच बोलायला लागली होती. आधी तसं नव्हतं. घरात मराठी, हा वडिलांचा नियम होता, आणि इथल्या सगळ्या मुलांप्रमाणे तिला तो साफ नामंजूर होता. वडील मराठीत विचारणार, ती इंग्रजीत उत्तर देणार. “जेवायला ये गं.” “In a minute!” दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं असं चाललं होतं. फेब्रुवारीनंतर तिने इंग्रजी बंद केलं. घरी, शाळेत, दुकानात. तिची मराठी मोडकी आहे, चष्मा तिच्याकडे ‘ती’ असतो आणि शाळा ‘तो’. त्या मोडक्या मराठीत ती वर्गातल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, हळू आवाजात. शाळेने लिहिलं : मुलगी बोलत नाही, स्वतःशी पुटपुटते, कोट काढत नाही.

म्हणून एप्रिलमधली ती मीटिंग. मुलांच्या अडचणी बघणाऱ्या बाई त्याच सत्रात शाळेत आल्या होत्या. आईला इंग्रजी येतं, पण ऑफिसातल्या टेबलासमोर तिची जीभ अडखळते, म्हणून तिने मला सोबत नेलं. मुलगी आमच्या मधल्या खुर्चीत बसली होती. तिला बाहेर बसवावं हे तिघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

बाईंनी विचारलं, हे कधीपासून?

आई मला म्हणाली, “हिचे बाबा गेले ना ताई, तेव्हापासून असं.”

मी भाषांतर करायला वळले. ‘died’ हा शब्द तोंडात आला होता. मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी तो गिळला. त्याऐवजी म्हणाले, “Her father is no longer with them.” मला वाटलं, सभ्य वाक्य आहे, ज्याला कळायचं त्याला कळेल. बाईंनी मान तिरकी केली, “ओह, बिचारी,” म्हणाल्या, आणि लिहिलं. कधी, कुठे, कशाने, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. आमच्या डेस्कवरच्या शिकाऊ पोरानेसुद्धा विचारलं असतं. मी न विचारता सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

शाळेकडून समुपदेशनासाठी रेफरल, म्हणजे शिफारसपत्र, गेलं. आम्ही वाट पाहू लागलो.

दरम्यान समाजात मुलीचं कौतुक सुरू झालं. विहारात आली की ती सगळ्यांशी मराठीत बोलायची, आणि आपली मुलं मराठी बोलत नाहीत या दुःखात बुडालेल्या मंडळींना हा चमत्कार वाटला. आमच्या मंडळाचे अध्यक्ष, हॉस्पिटलातून निवृत्त झालेले, सगळ्यांचे काका, तिला जवळ बोलावून म्हणायचे, “बघा, बघा! बापाचे संस्कार फुकट नाही जात. शिका काहीतरी हिच्याकडून.” बाकीची पोरं डोळे फिरवायची. ऑक्टोबरमधल्या धम्मदिनाच्या कार्यक्रमात तिला स्टेजवर उभं केलं. कोणीतरी लिहून दिलेलं भाषण तिने कोट न काढता वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. मातृभाषेच्या अभिमानाबद्दल प्रमाणपत्र मिळालं. फोटोत ती प्रमाणपत्र छातीशी धरून उभी आहे आणि कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

ज्या लक्षणासाठी शाळेने रेफरल पाठवलं होतं, त्याच लक्षणासाठी आम्ही तिला प्रमाणपत्र दिलं.

नोव्हेंबरमध्ये मी आईला विचारलं, काय झालं त्या रेफरलचं? तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. तिचे सगळे कागद त्यात असतात. वर मृत्यूचा दाखला होता. त्याच्याखाली जुलैचं एक पत्र. आईवडील विभक्त झाल्यामुळे त्रास होणाऱ्या मुलांसाठीच्या सेवेच्या यादीत मुलीचं नाव घेतलं आहे, असं त्यात लिहिलं होतं. पुढे जाण्यासाठी वडिलांची संमती आणि सही लागेल. ती शक्य नसल्यास ताब्याबद्दलचे कोर्टाचे कागद जोडावेत.

मी पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं, “हे तू मला दाखवलं का नाहीस?”

“काय दाखवू ताई,” ती म्हणाली. “ह्यांची सही मागतायत. मला वाटलं, इथला नियमच तसा असेल.”

“अगं, त्यांना माहीत नाहीये ते वारले म्हणून.”

“तुम्ही सांगितलं होतंत ना? त्या दिवशी? मला वाटलं, त्यांना माहीत आहे, आणि तरी मागतायत.”

चार महिने ती या समजुतीखाली कामावर जात होती, की इथल्या सरकारला मेलेल्या माणसाची सही हवी आहे आणि ती आणून देणं हे तिचं काम आहे. मला तेव्हा पत्राचा राग आला. माझा स्वतःचा राग घरी जाताना आला.

दुसऱ्या दिवशी त्या सेवेच्या ऑफिसात फोन केला. पाऊण तास होल्डवर राहिल्यावर एक तरुण आवाज आला.

मी सांगितलं, “वडिलांचा मृत्यू झालाय. फेब्रुवारीत. दाखला माझ्या हातात आहे.”

“ओह, आय ॲम सो सॉरी,” ती म्हणाली. मग कीबोर्डचा आवाज. “पण मग ही केस आमच्या सेवेत बसत नाही. शोकाची यादी वेगळी आहे. शाळेला नवीन रेफरल करावं लागेल.”

“नवीन कशाला? नोंद चुकली आहे. ती दुरुस्त करा.”

“नोंद बदलता येत नाही. टीप जोडता येते.”

“आणि यादीतली जागा?”

“नवीन रेफरलच्या तारखेपासून.”

“तिचा नंबर कधी लागेल?”

तिने सांगितलं. मी म्हटलं, मुलीला मार्चमध्ये अकरा पूर्ण होतात. पुन्हा कीबोर्ड. अकराच्या पुढची मुलं दुसऱ्या सेवेकडे जातात, त्यांची यादी आणखी वेगळी, तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे ती या रांगेत उभी राहील, नंबर यायच्या आत वाढदिवस येईल, आणि वाढदिवस झाला म्हणून तिला दुसऱ्या रांगेच्या शेपटाला उभं करतील.

“मग हिने मार्चपर्यंत काय करायचं?” मी विचारलं.

“फारच त्रास झाला तर जीपीकडे, फॅमिली डॉक्टरकडे जा,” ती म्हणाली. आवाजात कुठेही उर्मटपणा नव्हता. दोन माणसांचं काम एकटी करतेय, असं तिनेच सांगितलं. ज्याने त्या दुसऱ्या माणसाची खुर्ची रिकामी ठेवायचं ठरवलं, तो फोनवर कधीच येत नाही.

वर्तमानपत्रात मृताचं नाव चुकलं, तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात. ती पानाच्या कोपऱ्यात असते, कोणी वाचत नाही, पण असते. लाज म्हणून असते. इथे दुरुस्तीची सोयच नव्हती, आणि सोय नसल्याची लाजही कोणाला नव्हती. खाजगी समुपदेशकाची चौकशी केली. एका तासाची फी ऐकून आई म्हणाली, “म्हणजे माझी एक शिफ्ट हिच्या एका तासाला,” आणि विषय तिथेच संपला.

डिसेंबरमध्ये शेजारणीने एका संस्थेचं नाव दिलं. चर्चला लागून असलेल्या घरात दोन खोल्या, दोन समुपदेशक, घरात कोणी दगावलेलं असो, तुरुंगात असो की आजारी असो, मुलांना बसवून घ्यायचं आणि घरच्यांना परवडेल तेवढंच घ्यायचं, असं त्यांचं काम. मी आणि आई गेलो. तिथल्या बाई मूळच्या कार्डिफच्या, साठीच्या आसपासच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वडील कसे वारले?” एवढाच. आईने इंग्रजीत सांगितलं, पूर्ण, न अडखळता. मला तोंड उघडावं लागलं नाही.

मग बाईंनी त्यांची अडचण सांगितली. शनिवारी सकाळी त्यांना वेळ आहे, पण चर्चने शनिवारची खोली काढून घेतली आहे. खोली असती, तर ही मुलगी आणि आणखी चार-पाच मुलं उद्यापासून घेतली असती. “कुठेही चालेल,” त्या म्हणाल्या. “दार बंद होणारी एक खोली, आणि हीटर.”

आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. विहाराची वरची खोली.

त्या खोलीत आमच्या मंडळाचं सामान असतं. जयंतीच्या मिरवणुकीचे फलक, कापडी फुलांच्या माळा, माईकचे स्टँड, आणि घडीच्या खुर्च्या. खुर्च्यांची थप्पी खिडकीपर्यंत गेली आहे. जयंती आणि धम्मदिन, असे दोन दिवस वर्षातून त्या खाली येतात.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर कमिटीची बैठक झाली. मी विषय मांडला. तीन मिनिटांत, मुद्द्यांसकट. काका म्हणाले, “विषय चांगला आहे. पण सामान कुठे ठेवायचं?”

“जिन्याखाली जागा आहे,” मी म्हटलं.

“जिन्याखाली फायर सेफ्टीचा प्रॉब्लेम येतो.” हे सचिव. ते कौन्सिलमध्ये नोकरीला आहेत आणि प्रत्येक गोष्टीत त्यांना फायर सेफ्टीचा प्रॉब्लेम येतो.

“बाहेरची पोरं पण येणार का?” एकाने विचारलं.

“येणार. त्या संस्थेकडे येणारी सगळीच.”

“मग बूट कुठे काढणार ती?”

यावर दहा मिनिटं चर्चा झाली. मी घड्याळ पाहिलं म्हणून सांगते. मागून एक बाई म्हणाल्या, “आमचे वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची. आम्हाला कोणी नेलं होतं काउन्सेलिंगला? झालोच ना मोठे?” त्यांच्या शेजारचे हसले, “झाली, पण अजून भांडते सगळ्यांशी.” हशा झाला. त्या बाईही हसल्या, मग लगेच खाली बघायला लागल्या.

ज्या समाजाने शिक्षणासाठी उपाशी राहून फी भरली, ज्याच्या दोन पिढ्या इथल्या हॉस्पिटलांत लोकांची शरीरं तपासतात, त्याला पोराच्या मनासाठी खोली मागितली की बूट आठवतात. मी हे तिथे बोलले नाही. आज लिहितेय.

काका समारोपाला उठले. “आपण या विषयाचा सकारात्मक विचार करू. रीतसर ठराव येऊ दे, पुढच्या बैठकीत घेऊ. आणि खरं सांगू का,” ते आईकडे वळले, “तुझ्या पोरीची काळजी करायचं कारणच नाही. इतकी गोड मराठी बोलते! अशी मुलं आजारी असतात का?”

आई शेवटच्या रांगेत होती. ती उभी राहिली. “काका,” ती म्हणाली, “ती शाळेत पण मराठीच बोलते. तिला टॉयलेटला जायचं असलं तरी मराठीत विचारते. टीचरला कळत नाही. ती बसून राहते. दोनदा कपडे ओले करून घरी आलीय. दहा वर्षांची आहे ती.” काका अजून उभेच होते. “तुम्ही दिलेलं सर्टिफिकेट मी भिंतीवर नाही लावलेलं,” असं म्हणून ती खाली बसली.

मला हे माहीत नव्हतं. दोन गल्ल्यांवर राहून माहीत नव्हतं.

पुढची बैठक फेब्रुवारीत होती. आईने फेब्रुवारीची वाट पाहिली नाही. विहाराच्या साफसफाईची पाळी तिच्याकडे असते आणि किल्लीही तिच्याकडेच असते. पुढच्या शनिवारी सकाळी ती वर गेली आणि खुर्च्या उतरवायला लागली. मी पोचले तेव्हा निम्म्या जिन्याखाली गेल्या होत्या. मी उरलेल्या घेतल्या. आठव्या वर्षी वडील गेलेली, बैठकीत हसलेली ती बाईही आली, कोणी बोलावलं नव्हतं. येताना घरचा हीटर घेऊन आली. तिने माळा गोळा केल्या, चादरीत बांधल्या आणि आपल्या गाडीच्या डिकीत टाकल्या. साडेदहाला खिडकी दिसायला लागली.

अकराला कार्डिफच्या बाई आल्या. सोबत एक फॉर्म होता, दोनच पानांचा. आई, मुलगी, मी आणि त्या, खाली हॉलमध्ये बसलो. मी पेन घेतलं. पहिला प्रश्न : काय झालं आहे?

मुलीने माझ्या हाताकडे पाहिलं. मग मराठीत म्हणाली, “मावशी, बाबा मेला असा लिही.”

आई दचकली. “असं नाही बोलायचं गं. वारले म्हण.”

“वारले म्हणजे काय?”

आईने तिच्या कोटाची कॉलर सरळ केली. मग म्हणाली, “म्हणजे... गेले.”

“गेले नाही,” मुलगी म्हणाली. “सगळे बोलतात गेले. मी कामाला गेले, तू शॉपला गेली. गेले तर परत येते. बाबा मेला आहे. आपला फिश मेला होता तसा.”

मराठीत मेलेल्या माणसासाठी किती शब्द आहेत, ते मला पाठ आहेत, कारण मी ते सोळा वर्षं कापत आले. निवर्तले, निधन पावले, स्वर्गवासी झाले, कैलासवासी झाले, निर्वाण पावले. या मुलीला त्यांतला एकही कोणी समजावून दिला नव्हता. तिच्याकडे एकच शब्द होता, माशाचा, आणि तो तिने अकरा महिने तोंडात धरून ठेवला होता, कारण तो मोठ्यांसमोर बोलायचा नसतो हे तिला कळत होतं.

आईने डोळे पुसले नाहीत. मला म्हणाली, “लिहा ताई. मेला, असंच लिहा.”

मी लिहिलं : Her father died. तारीख लिहिली, जागा लिहिली, कारण लिहिलं. इंग्रजीत या क्रियापदाला आदरार्थी रूप नाही, त्यामुळे कोणाचाही अपमान झाला नाही.

मी भाषांतरासाठी वर येऊ का, असं बाईंना विचारलं. त्या नको म्हणाल्या. त्यांच्या आजीच्या घरी वेल्श, म्हणजे कार्डिफकडची जुनी भाषा, बोलायचे, त्यांना स्वतःला ती फक्त रागावल्यावर येते, असं त्यांनी मुलीला सांगितलं. “तुला हवं त्या भाषेत बोल. मला नाही कळलं तर मी विचारेन.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुमचं भाषांतर चांगलंच असणार. पण आज तिला चांगलं भाषांतर नकोय.” मला लागलं. त्या बरोबर होत्या. दोघी जिना चढून गेल्या, दार लागलं, आणि आम्ही तिघी खाली, चहाचे कप धूत, वरून आवाज येतो का ते ऐकत बसलो. आला नाही.

वर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पाच-सहा शनिवारांनंतर मुलीने एक गोष्ट आईला सांगितली, स्वयंपाकघरात, पोळ्या चालू असताना. आईच्या परवानगीने ती इथे देते. त्या फेब्रुवारीतल्या सकाळी वडील कामाला निघताना दारातून म्हणाले होते, “येतो गं. मराठीत बाय म्हण.” तिने टीव्हीवरून नजर न काढता “Whatever” म्हटलं होतं. तेव्हापासून ती मराठीत बोलत होती. वर्षभर ती उत्तर देत होती, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

फेब्रुवारीच्या बैठकीत कमिटीने वरची खोली शनिवारी सकाळी मुलांच्या समुपदेशनासाठी देण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. ठराव काकांनी मांडला, सचिवांनी अनुमोदन दिलं. खुर्च्या तेव्हा पाच आठवडे जिन्याखाली होत्या. फोटो काढला. आता तिथे सहा मुलं येतात, पाच बाहेरची. बूट दाराशी काढतात.

शाळेने नवीन रेफरल केलं होतं. त्याचं पत्र मार्चमध्ये, वाढदिवसानंतर आठ दिवसांनी आलं : मुलीचं वय अकरा पूर्ण झाल्याने ही विनंती बंद करण्यात येत आहे. मी फाइलची प्रत मागवली. माझं वाक्य पहिल्या पानावर आहे तसंच आहे. ‘मुलीचे वडील आता कुटुंबासोबत नाहीत.’ टीप जोडलेली आहे, शेवटच्या पानावर. तिच्यात वडिलांच्या मृत्यूचा महिना चुकला आहे. मी पुन्हा फोन केला आहे, पुन्हा करेन. ती सेवा मिळावी म्हणून आता नाही. ज्या मुलांच्या विहाराला वरची खोली नाही, ज्यांच्या आईच्या हातात किल्ली नाही, ती त्याच यादीत उभी आहेत, आणि त्यांच्याही फाइलमध्ये कोणाचं तरी सभ्य वाक्य असेल.

एप्रिलमध्ये जयंती झाली. हॉलमध्ये मुलांचा गोंधळ चालला होता आणि त्या गोंधळात सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता, इंग्रजीत, कोणीतरी तिची जागा घेतली होती म्हणून. कोट खुर्चीवर पडला होता. काका आईच्या शेजारी उभे होते. मान हलवत म्हणाले, “काय गं, पोरगी मराठी विसरायला लागली वाटतं?”

“हो काका,” आई म्हणाली. “बरी होतेय.”